जुन्या मालिका खरंच भारी होत्या का? घरच्या घरी कसं तपासायचं

आमच्याकडे रविवारी जेवताना हा विषय निघतोच. आई म्हणते आमच्या वेळच्या मालिका त्या मालिका, आणि भाची म्हणते आजी, तेव्हा तुम्हाला दुसरं बघायला होतंच काय. मला दोघींचं पटायचं, म्हणून यंदा सुट्टीत सगळे बसलो आणि नीट तपासलं. तुम्हालाही करायचं असेल तर असं करा.

आधी आठवण आणि मालिका वेगळ्या काढा, हे सगळ्यात अवघड आहे. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही, बाबा वर चढून अँटेना सिंहगडाच्या टॉवरकडे फिरवणार आणि आम्ही खालून ओरडणार, "आलं आलं... गेलं, मुंग्या आल्या!" सतरंजीवर अख्खा वाडा, शेंगदाण्याची परात हातोहात फिरतेय, आणि मधेच पडद्यावर 'व्यत्यय' आला तरी कुणी उठायचं नाही. त्यातला आनंद वाड्याचा किती आणि मालिकेचा किती? तर बघायच्या आधी त्या मालिकेची गोष्ट काय होती ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं. आईला शेजारी कोण बसायचं ते सगळं आठवलं, गोष्ट दोन ओळीत संपली.

मग निवड. दोन जुन्या, दोन नव्या, आणि त्यात लाडकी एकेकच. चिमणराव-गुंड्याभाऊ लोकांच्या लक्षात राहिले कारण ते चांगलंच होतं, पण त्या काळातलं रटाळ आपण केव्हाच विसरलो, आणि आजचं मात्र चांगलं-वाईट सगळं एकदम समोर येतं, म्हणून एक जुनी मालिका अशी घ्या जिचं नाव कुणीच काढत नाही. जुनं बरंचसं प्रसार भारतीच्या यूट्यूब चॅनलवर आणि वेव्हज ॲपवर सापडतं, नाही सापडलं तर सोडून द्या, दुसरं घ्या.

आता बघताना मोबाईल आतल्या खोलीत, हातात वही. गोष्टीत नवीन काही कळलं की एक रेघ मारायची, बास. आम्ही मालगुडी डेज लावलं, स्वामीचे वडील म्हणजे गिरीश कर्नाड नुसते बघतात आणि पोरगं गप्प होतं, मागे ढॅण ढॅण नाही काही नाही, आणि भाचीने न सांगता रेघ मारली. नंतर एक चालू डेली सोप, त्यात आरतीचं ताट पडलं आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवला, अख्ख्या भागाला दोन रेघा.

पण इथे थांबू नका, कारण ही तुलना सरळ नाहीये. रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं, दर रविवारी एक, असे ७८ भाग. आजच्या मालिकेला आठवड्याला सहा भाग द्यावे लागतात, म्हणजे तेवढे भाग १३ आठवड्यांत उडाले, आणि पुढे वर्षभर ओढायचंय! लेखक तरी काय करणार? त्यामुळे डेली सोपचा आठवडा एकत्र बघा आणि सहा भागांच्या रेघांची बेरीज जुन्या एका भागाशी लावा. नाहीतर जुन्यासमोर आठ-दहा भागांची वेब सिरीज ठेवा, ती खरी जोडी.

नव्यातलं चांगलंही लिहाच. २०१६ ची रात्रीस खेळ चाले लावली, कोकणातलं घर, मालवणी बोली, आई जेवण विसरून बघत होती. पूर्वी बातम्यांसारखं शुद्ध बोलणाऱ्या पात्रांपुढे हे मला फार जिवंत वाटलं. आवाज, प्रकाश यातही नवं पुढे आहे, जुन्यात कधीकधी संवाद नीट ऐकूच येत नाहीत.

आमच्या वहीत लेखनाला जुनं जिंकलं, आणि मला वाटतं त्याचं कारण एकच, शेवट कुठे करायचा हे त्यांना आधी माहीत असायचं. तुमच्याकडे वेगळं निघू शकतं. पहिल्या दिवशी निकाल लावू नका, पुढच्या रविवारी निवड उलटी करा, आजीने नवी मालिका आणायची, नातीने जुनी, आणि वही तीच ठेवा.