पोस्टफिक्स सोर्सवरून टाकायचं की पॅकेजनं?

पोस्टफिक्स म्हणजे मेल पाठवणारा-घेणारा सर्व्हर; तो डिस्ट्रोच्या (डेबियन, उबुंटू वगैरे) तयार पॅकेजनं टाकता येतो किंवा सोर्स कोड स्वतः कंपाइल करून. मी आधीच सांगते, पॅकेजच टाका. सोर्सकडे वळायच्या आधी पॅकेजमध्ये नक्की काय कमी पडतंय ते बघा, कारण बऱ्याचदा काहीच कमी नसतं. डेबियन-उबुंटूवर मायएसक्यूएल, पोस्टग्रेस हे डेटाबेस आणि एलडॅप ही डिरेक्टरी यांच्या जोडणीची वेगळी पॅकेजेस असतात, नुसतं पोस्टफिक्स टाकून मायएसक्यूएलचं टेबल (पत्ते वगैरे शोधायची यादी) दिलं की एरर येते आणि लोक लगेच कंपाइल करायला बसतात. त्याऐवजी 'पोस्टकॉन्फ -एम' चालवा, कुठली टेबलं चालतात ती यादी समोर येते.

नवं व्हर्जनच हवं असेल तर आधी बॅकपोर्ट्समध्ये (जुन्या रिलीजसाठी बनवलेल्या नव्या पॅकेजांच्या भांडारात) शोधा, आणि बिल्डचा एखादा पर्याय बदलायचा असेल तर डिस्ट्रोचं सोर्स पॅकेज उतरवून त्याचंच डेब (पॅकेजची फाइल) बनवा. ते टाकल्यावर होल्डवर ठेवायला (म्हणजे आपोआप अपग्रेड होऊ न द्यायला) विसरू नका, नाहीतर पुढच्या अपग्रेडला तुमचं बिल्ड जाईल.

एवढं करूनही सोर्सच पाहिजे? मग जुनं पॅकेज काढा, पोस्टफिक्स नावाचा युजर आणि पोस्टफिक्स, पोस्टड्रॉप असे दोन ग्रुप हातानं बनवा. इथे नेहमीची कॉन्फिगर स्क्रिप्ट नाहीये, सगळे पर्याय 'मेक मेकफाइल्स'ला द्यायचे असतात, आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि एसएएसएल (लॉगिन) तिथे मागितले नाहीत तरी बिल्ड गुपचूप पूर्ण होतं, मग मेल पाठवायच्या ५८७ पोर्टवर लॉगिन का होत नाही म्हणून तुम्ही पासवर्ड तपासत बसता. नंतर 'मेक', पहिल्यांदा 'मेक इन्स्टॉल', पुढच्या वेळेपासून 'मेक अपग्रेड'.

खरं काम त्यानंतरचं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंगचा (एका मेलमध्ये दुसरा बनावट मेल लपवून पाठवण्याचा) प्रॉब्लेम बाहेर आला तेव्हा सोर्सवाल्यांना ३.८.४ किंवा आपापल्या शाखेचं दुरुस्त व्हर्जन स्वतः उतरवून परत बिल्ड करावं लागलं. तुम्ही सोर्सवर असाल तर पोस्टफिक्सच्या घोषणांची मेलिंग लिस्ट लावून घ्याच, ही गोष्ट मी अगदी कळकळीनं सांगतेय.

आणि पॅकेजची जुनी मास्टर डॉट सीएफ (पोस्टफिक्सच्या सर्व्हिसेसची कॉन्फिग फाइल) तशीच उचलून आणू नका. डेबियनच्या आधीच्या पॅकेजांमध्ये बऱ्याच सर्व्हिसेस क्रूटमध्ये (बाकी सिस्टमपासून वेगळ्या केलेल्या फोल्डरमध्ये) चालायच्या आणि त्यांना लागणाऱ्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फसारख्या (डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेल्या) फाइल्स पॅकेजची स्क्रिप्ट आत कॉपी करायची, तुमच्या सोर्स बिल्डमध्ये ते कुणी करत नाही, म्हणून डीएनएस सापडत नाही आणि मेल क्यूमध्ये पडून राहतात. त्या फाइलमधल्या क्रूटच्या रकान्यात 'वाय'च्या जागी 'एन' करा आणि पोस्टफिक्स रीलोड करा.