जुन्या घरातलं धुराडं: लाकूड, गॅस, तेल एकाच नळीत जोडलंय का ते आधी बघा

थंड देशात पहिल्यांदा जुनं घर घेताना किंवा भाड्याने बघताना आपली मंडळी किचन बघतात, बेडरूम मोजतात, पण बेसमेंटमध्ये कोणी धड उतरत नाही. उतरा. तिथे घर गरम करणारी फर्नेस किंवा बॉयलर असेल, पाणी तापवायचा हीटर असेल आणि त्यांचे पाईप भिंतीतल्या धुराड्यात शिरलेले दिसतील. वर हॉलमध्ये लाकडाचा स्टोव्ह असेल तर त्याचा पाईप कुठे जातो तेही शोधा. कोण काय जाळतं आणि कुणाचा धूर कुठून बाहेर पडतो हे कळेपर्यंत स्टोव्ह पेटवू नका, बाहेर कितीही गारठा असू दे.

बाहेरून विटांचं धुराडं एकच दिसतं पण आत दोन-तीन वेगळ्या नळ्या असू शकतात, त्यांना फ्लू म्हणतात. प्रत्येकाचा फ्लू वेगळा असेल तर तसं ठीक आहे. घोळ होतो तो एकाच फ्लूमध्ये दोन-तीन गोष्टी जोडल्या की.

त्यात लाकडाचं मला सगळ्यात जास्त टेन्शन येतं. लाकूड, कोळसा, पेलेट (भुसा दाबून केलेल्या कांड्या) यांना स्वतंत्र फ्लूच हवा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं धुराड्यांचं स्टँडर्ड, एनएफपीए 211, घन इंधनाच्या फ्लूमध्ये दुसऱ्या इंधनाचं उपकरण जोडू देत नाही, मुद्दाम तसंच बनवून तपासलेलं उपकरण असेल तेवढाच अपवाद. कारण असं की लाकडाच्या धुराने नळीत आतून क्रिओसोटचा डांबरासारखा थर बसतो, तो पेटला की तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं आणि त्याच नळीत गॅस हीटरचा पाईप उघडा असेल तर ठिणग्या त्यातून घरात येतात. आग लागली नाही तरी तो थर वाढून नळी अरुंद होते आणि गॅसचा धूर मागे फिरतो. शिवाय लाकूड थर्मोस्टॅटने बंद होत नाही, रात्री निखारे धुमसत राहतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो आणि नळीतली ओढ, म्हणजे धूर वर खेचून नेणारा जोर, नेमकी तेव्हाच कमी झालेली असते.

गॅस आणि तेल (घर तापवायला जाळतात ते, डिझेलसारखं) मात्र बऱ्याच ठिकाणी एकत्र चालतात, अटी पाळून. फ्लूचा साईझ दोघांना पुरेल असा हवा, दोन्ही पाईप समोरासमोर शिरायला नकोत आणि लहान पाईप वरच्या बाजूला हवा. तेलाची काजळी साचते, ती वेळेवर काढली नाही तर त्रास गॅसच्या उपकरणाला होतो.

अजून एक, जे नवीन फर्नेस बसवताना हमखास राहून जातं. नव्या हाय एफिशियन्सी गॅस फर्नेसचा धूर प्लॅस्टिकच्या पाईपने सरळ भिंतीतून बाहेर जातो, मग त्या मोठ्या धुराड्यात एकटा वॉटर हीटर उरतो. त्याची उष्णता एवढी मोठी नळी तापवायला पुरत नाही. गॅस जळताना भरपूर वाफ होते, ती थंड विटांवर आतल्या आत पाणी होऊन बसते, ते पाणी आम्लधर्मी असतं, चुना-सिमेंट झिजतं, ओढही मंदावते. त्यावर उपाय म्हणजे योग्य साईझचा लायनर, म्हणजे धुराड्याच्या आत बसवायची नळी, आणि फर्नेसचं कोटेशन घेतानाच तो विचारा.

काही खुणा तुम्हालाच दिसतील: वॉटर हीटरच्या वर, धुराचा पाईप सुरू होतो तिथल्या पत्र्याच्या छत्रीपाशी गंज किंवा काजळी, धुराड्याच्या विटांवर पांढरी पावडर, हीटर चालू असताना खिडकीवर दव. हीटर पाचेक मिनिटं चालू द्या, दारं-खिडक्या लावा, किचनचा एक्झॉस्ट आणि कपड्यांचा ड्रायर चालू करा, मग विझवलेल्या काडीचा धूर त्या छत्रीजवळ धरा. धूर आत ओढला जायला हवा. बाहेर ढकलला जात असेल तर हीटर लगेच बंद करून टेक्निशियनला बोलवा. धूर नीट आत गेला तरी वर्षातून एकदा तपासणी हवीच, शक्यतो आत कॅमेरा सोडून. भाड्याचं घर असेल तर मालकाकडे तपासणीचा कागद मागा, लाजू नका.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही की रंग नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म लावा आणि त्यावरची एक्सपायरी बघून वेळेवर बदला. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळतंय, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर सर्दी-ताप समजून झोपू नका. अलार्म वाजला किंवा असं वाटलं तर पोराबाळांना घेऊन आधी बाहेर पडा, फोन बाहेरूनच करा आणि अग्निशमनवाले हो म्हणेपर्यंत जॅकेट आणायलासुद्धा आत जाऊ नका.