गोगलगाईंवर प्रोजेक्ट घेताय? मग हे आधी वाचा

एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला माझा विषय होता, पाण्याचं तापमान बदललं की फायसेला अक्यूटा ही गोगलगाय कशी वागते. ही मूळची उत्तर अमेरिकेतली, पण 1805 मध्ये तिला नाव मिळालं ते फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून, म्हणजे तोवर बाई युरोपात पोचल्या पण होत्या. आता आपल्याकडेही आहे आणि घाण पाण्यातसुद्धा मजेत राहते, मला हॉस्टेलमागच्या नाल्यातच चहाच्या गाळणीने पन्नासेक मिळाल्या.

आधी ओळख पक्की करा, कारण आपली लिम्निया ही दुसरी गोगलगाय पण तिथंच असते. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरायचं, तोंड डावीकडे आलं तर फायसेला, उजवीकडे आलं तर लिम्निया. (देव्हाऱ्यातला दक्षिणावर्ती शंख असाच धरून बघा, तो पण डावखुराच निघेल, आपण त्याला उलटा धरतो एवढंच.) शिंगं पण बघा, फायसेलाची दोऱ्यासारखी बारीक असतात, लिम्नियाची चपटी त्रिकोणी.

आता माझा घोळ सांगते. तीन टाक्या, 20, 25 आणि 30 डिग्री, प्रत्येकीत वीस गोगलगाई. 30 च्या टाकीतल्या सारख्या वर येत होत्या, मी खुशीत वहीत लिहिलं, गरम पाण्यात चपळ होतात. मॅडमनी वही बघितली आणि म्हणाल्या, "अगं, ती पळतेय का श्वास घ्यायला येतेय?" माझी बोलतीच बंद. फायसेला हवेतून श्वास घेते, पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला की जास्तच, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 डिग्रीला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम तर 30 ला साडेसात, वर तिची स्वतःची गरज वाढलेली असते ते वेगळंच. म्हणजे मी तापमान मोजत होते का ऑक्सिजन, मलाच माहीत नाही! मग सगळीकडे एअर पंप लावले आणि वर येणं वेगळं, सरपटणं वेगळं असं नोंदवायला लागले. सरपटणं मोजायला काचेखाली ग्राफ पेपर आणि हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, बास.

त्यातच दुसरा घोळ होता. एका टाकीत वीस गोगलगाई म्हणजे वीस नमुने नाहीत, टाकी एकच, हीटर बिघडला तर वीसही एकदमच बिघडणार. व्हायवाला हे हमखास विचारतात. मी शेवटी प्रत्येकीला वेगळ्या प्लास्टिक ग्लासात ठेवलं आणि एकेका तापमानाला तीन-तीन टब केले, टबात हीटर, पाण्यात उभे ग्लास. ग्लासांवर जाळी बांधाच नाहीतर सकाळी गोगलगाई भिंतीवर. लाइट गेली की छोट्या टबातलं पाणी पटकन थंड होतं म्हणून टब मोठा घ्या आणि थर्मामीटर ग्लासात बुडवा, टबात नाही, माझ्याकडे दोन्हींत दीड डिग्रीचा फरक निघाला होता.

नाल्यातून आणून थेट 30 डिग्रीत टाकू नका, रोज एखादी डिग्री वाढवा आणि मग आठवडाभर तशाच राहू द्या. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून वापरायचं, क्लोरीन जातो. खायला उकडलेला पालक, पण मोजायच्या किती तास आधी द्यायचा ते ठरवून टाका, भुकेली आणि पोट भरलेली सारख्या वागत नाहीत. चिमट्यात एखादी चिरडली तर ते पाणी फेका, तिच्या वासानेच बाकीच्या पाण्याबाहेर चढायला लागतात, मी एक अख्खी दुपार त्याला तापमानाचा परिणाम समजत होते.

काम संपल्यावर पाणी बेसिनमध्ये ओतू नका, आधी कडकडीत उकळा. अंडी पारदर्शक जेलीत असतात, पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली, दिसतच नाहीत. मी ॲक्वेरियमच्या दुकानातून आणलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीबरोबर अशाच गोगलगाई आमच्या लॅबच्या माशांच्या टाकीत गेल्या, त्या अजून तिथंच आहेत.