‘.पुणे’सारख्या नव्या टॉप-लेव्हल डोमेनसाठी करारांची बोलणी कशी करावीत

‘.पुणे’ हे टॉप-लेव्हल डोमेन (वेबपत्त्यातील शेवटच्या बिंदूनंतरचा भाग, जसे ‘.com’) आपल्या शहराला मिळावे असे ज्या संस्थेला मनापासून वाटते, तिचा पहिला समज बहुधा असा असतो की मुख्य बोलणी आयकॅनशी, म्हणजे जगभरातील डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेशी, होतील. प्रत्यक्षात आयकॅनचा रजिस्ट्री करार (डोमेन चालवणाऱ्या संस्थेशी, म्हणजे रजिस्ट्रीशी, होणारा करार) हा ठरलेला मसुदा आहे. त्यात बदल मागता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते आणि वेळ जातो. म्हणून तो मसुदा आधी परिशिष्टांसह वाचून काढावा, आपल्यावर येणाऱ्या जबाबदाऱ्या लिहून काढाव्यात आणि त्या पेलता येतील अशा अटी इतर पक्षांकडून मिळवाव्यात. नव्या डोमेनसाठी अर्ज घेण्याच्या २०२६ च्या फेरीचे अर्जशुल्कच २,२७,००० डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये आहे. त्यामुळे ही तयारी शुल्क भरण्यापूर्वीच झाली पाहिजे.

सर्वांत जास्त वेळ शासनासाठी राखून ठेवावा. शहराशी निगडित वापरासाठी शहराचे नाव मागणाऱ्या अर्जदाराला संबंधित शासनाचे पाठिंब्याचे किंवा ना-हरकत पत्र द्यावे लागते, आणि एकापेक्षा अधिक शासकीय यंत्रणांचा संबंध येत असेल तर प्रत्येकीचे. पुणे हे शहराचे नाव आहे तसेच जिल्ह्याचेही. त्यामुळे शिवाजीनगरच्या महापालिका भवनातून एक पत्र आणून थांबू नये, राज्य शासनाची भूमिकाही लेखी घ्यावी. ‘उपक्रमास शुभेच्छा’ अशा गुळमुळीत वाक्याचा येथे काहीही उपयोग नाही. कोणते नाव, कोणत्या वापरासाठी, टॉप-लेव्हल डोमेन म्हणून मागितले जात आहे आणि ते आयकॅनशी करार करूनच मिळणार आहे, हे आम्हांस समजले आहे, असे पत्रात स्पष्ट असावे. खाली अधिकृत अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि सही असावी, वर जावक क्रमांक असावा. आयुक्त बदलतात, म्हणून पत्रामागे मुख्य सभेचा ठराव असल्यास ते अधिक टिकाऊ ठरते, असे माझे ठाम मत आहे.

पत्राशिवाय महापालिकेशी स्वतंत्र करार करणे मला अत्यावश्यक वाटते. शासनाच्या संमतीने दिलेल्या भौगोलिक नावाबाबत शासन आणि रजिस्ट्री यांच्यात वाद झाला, तर त्या शासनाच्या अधिकारक्षेत्रातील न्यायालयाचा आदेश आयकॅन अमलात आणू शकते, अशी तरतूद रजिस्ट्री करारातच आहे. तेव्हा पाठिंबा कोणत्या कारणाने काढून घेता येईल, त्याआधी किती दिवसांची नोटीस द्यावी, चूक सुधारण्यास किती मुदत मिळावी आणि रुग्णालये, पोलीस, पाणीपुरवठा यांसाठी कोणती नावे राखून ठेवावीत, हे सारे आधीच ठरवावे. शासनांचा विरोध किती महागात पडतो हे ‘.अॅमेझॉन’ने दाखवले: अॅमेझॉन कंपनीचा २०१२ चा अर्ज, त्याच नावाच्या नदीच्या खोऱ्यातील देशांचा आक्षेप, आणि डोमेन सुरू होईपर्यंत २०२० उजाडले.

बॅकएंड सेवा देणाऱ्या, म्हणजे डोमेनची तांत्रिक यंत्रणा चालवणाऱ्या, कंपनीशी बोलताना दराआधी दंड आणि करारातून बाहेर पडणे यांवर बोलावे. एका आठवड्यात नामसेवा (डोमेन नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा) एकूण चार तास बंद राहिली तर आपत्कालीन मर्यादा ओलांडली जाते आणि आयकॅन ती सेवा तात्पुरत्या दुसऱ्या चालकाकडे सोपवू शकते. आयकॅनपुढे जबाब मात्र आपल्याला द्यावा लागतो, म्हणून तीच मर्यादा आणि ती ओलांडल्यास द्यायची भरपाई या करारातही उतरवावी. करार संपल्यास नोंदणीचा संपूर्ण डेटा आणि डीएनएसेकच्या (डीएनएसची उत्तरे खरी असल्याची खात्री देणाऱ्या सुरक्षाप्रणालीच्या) चाव्यांचे हस्तांतर कोण, किती दिवसांत करील, हेही लिहून घ्यावे.

नोंदणीधारकांच्या, म्हणजे या डोमेनमध्ये नाव घेणाऱ्यांच्या, माहितीचा प्रश्न वकिलाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. २०१७ मध्ये ‘.अॅमस्टरडॅम’च्या रजिस्ट्रीने खाजगी नोंदणीधारकांचे तपशील जाहीर करण्याची कराराची अट नेदरलँड्सच्या कायद्याशी विसंगत असल्याचे सांगितले आणि आयकॅनशी वाद उभा राहिला. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. विसंगती दिसल्यास ती सहीपूर्वी लेखी मांडावी.

रजिस्ट्रारांशी, म्हणजे लोकांना डोमेन नावे विकणाऱ्या कंपन्यांशी, बोलणी तुलनेने सोपी असतात. सर्व मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांना समान वागणूक द्यावी लागते, त्यामुळे पुण्यातील ओळखीच्या कंपनीला खास सवलत देण्याचा शब्द कोणालाही देऊ नये. नूतनीकरणाचा दर वाढवायचा असल्यास त्यांना १८० दिवस आधी कळवावे लागते, हे दरपत्रक आखतानाच ध्यानात ठेवावे.