पाळीच अनियमित, मग प्रेग्नन्सी टेस्ट कधी करायची?

कधी ३२ दिवसांनी, कधी थेट ४५ दिवसांनी पाळी येत असेल, तर ती ‘चुकली’ हे ठरवायचं कसं? अशा वेळी पाळीची तारीख सोडा, शेवटच्या असुरक्षित संबंधाची तारीख धरा. त्यानंतर २१ दिवसांनी टेस्ट करा. चौथ्या-पाचव्या दिवशीच केलेल्या टेस्टला काही अर्थ नसतो, नुसते पैसे जातात.

किट मेडिकलमध्ये मिळतं, आशाताईंकडे ‘निश्चय’ किट फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच निकाल बघा. तासाभराने कचऱ्यातून पट्टी काढून पुन्हा न्याहाळलीत तर वाळल्यामुळे उमटलेली पुसट, करडी रेघ दिसू शकते. तिच्यावर रात्र जागवू नका. वेळेत दिसलेली फिकट गुलाबी रेघ मात्र पॉझिटिव्हच समजा.

निगेटिव्ह आली, तरी आठवड्यात पाळी नाही? पुन्हा एकदा करा. तीही निगेटिव्ह असेल तर थायरॉइड, पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाने अंडाशयाचं काम बिनसणं), ताण अशी कारणं डॉक्टर तपासतील.

पाळी यावी म्हणून पपई खात बसू नका, किंवा मेडिकलवाल्याला विचारून ‘पाळी आणायच्या’ गोळ्या घेऊ नका. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर तडक दवाखाना गाठा.