एका पोटाचे पुणे: दोन दिवसांची एकट्याची भटकंती

एकट्याने पुणे पाहायला निघालेल्या माणसाची खरी अडचण सोबतीची नसून पोटाची असते. चौघे असले की चार पदार्थ मागवून सगळ्यांना सगळे चाखता येते. एकट्याची मात्र एक मिसळ आणि वर एक मस्तानी झाली की पुढचे काही तास अन्नाकडे पाहण्याची इच्छा होत नाही. म्हणून दोन दिवसांचा बेत आखताना आधी खाण्याच्या वेळा ठरवाव्यात आणि मधल्या वेळात वाडे, देवळे आणि संग्रहालये बसवावीत. जुन्या पेठा एकमेकींना इतक्या लागून आहेत की हे सारे पायी जमते.

मुक्कामाची खोली लक्ष्मी रस्त्याच्या किंवा डेक्कनच्या परिसरात घ्यावी. एकट्या प्रवाशाला खोली द्यायला काही लॉज अजूनही खळखळ करतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून तसे स्पष्ट विचारून घ्यावे. रेल्वेने येणाऱ्याने स्थानकावरूनच मेट्रो पकडावी आणि जिल्हा न्यायालय स्थानकात स्वारगेटकडे जाणारी गाडी बदलून घ्यावी. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही भुयारी गाडी कसबा पेठ आणि मंडई या दोन्ही ठिकाणी थांबते, त्यामुळे रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्याचा प्रसंगच येत नाही.

पहिल्या सकाळी नारायण पेठेत मिसळ खावी. पुणेरी मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी असते, रस्सा बहुधा गोडसर असतो आणि सोबत पावाऐवजी स्लाइस येतात. जास्तीच्या रश्शाला येथे ‘सॅम्पल’ म्हणतात. एकट्या गिऱ्हाइकाला अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवले जाते, त्यात संकोच मानू नये. उलट पुढे काय पाहावे हे विचारायला याहून चांगली जागा नाही, फक्त उत्तरासोबत थोडी दुरुस्तीही ऐकून घेण्याची तयारी असावी. तेथून जवळच केसरीवाडा, म्हणजे मूळचा गायकवाड वाडा, आहे. टिळकांचे वास्तव्य जेथे होते ती ही वास्तू पाहून अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांवरून शनिवारवाड्याकडे निघावे.

शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी केली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. १८२८ च्या आगीत आतील लाकडी महाल जळून गेले, त्यामुळे आत राजवाडा पाहायला मिळेल या अपेक्षेने येणारा माणूस चौथरे आणि हिरवळ पाहून खट्टू होतो. तशी पाळी येऊ नये म्हणून पाहण्याचा क्रम बदलावा. आधी बाहेर थांबून दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे पाहावेत, कारण ते दाराला टक्कर देणाऱ्या हत्तींसाठी आहेत. मग नगारखान्यावर चढून जोत्यांची मांडणी वरून न्याहाळावी, आणि त्यानंतरच खाली उतरून हजारी कारंजे शोधावे. वरून पाहिलेला आराखडा डोक्यात असला की त्या ओसाड जोत्यांना चौक आणि दिवाणखान्यांचा आकार येऊ लागतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून याच वाड्यात झाला.

समोरचा लाल महाल ही अलीकडच्या काळात पुन्हा उभारलेली वास्तू आहे; तरी १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला ती ही जागा, म्हणून तेथे दहा मिनिटे द्यावीत. ग्रामदैवत कसबा गणपतीचे दर्शन घेऊन दगडूशेठच्या मंदिराकडे यावे. त्याच्या समोरच्या भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. जुना वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडण्यात आला.

दुपारी जेवणाचे ताट घेण्याचा मोह आवरावा. मी एकदा खानावळीत आग्रहाला बळी पडलो आणि सारी दुपार डुलक्या काढण्यात गेली. त्याऐवजी बटाटेवडा आणि अमृततुल्यचा आले-वेलदोड्याचा चहा यांवर भागवून उन्हाची वेळ बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवावी. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मृतीसाठी जमवलेल्या या संग्रहात दिवे, अडकित्ते, वाद्ये आणि कोरीव दारे आहेत. कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल तर मुळीच चुकवू नये. एकटे असण्याचा लाभ येथे कळतो: अडकित्त्यांपुढे अर्धा तास उभे राहिले तरी कोणी बाही ओढत नाही.

संध्याकाळी १८८६ मध्ये सुरू झालेल्या मंडईची अष्टकोनी वास्तू आणि तुळशीबागेतले राममंदिर पाहून भूक लागू द्यावी. मग ताट खुशाल घ्यावे, परंतु मस्तानी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. घट्ट दुधावर आइस्क्रीमचा गोळा असलेला तो पेला एकट्याला जेवणासारखाच पुरतो.

दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढाव्यात. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनी १७६१ मध्ये येथेच देह ठेवला. उतरल्यावर भरपूर नाश्ता करून जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वराचे कोरीव लेणे आणि त्यातला गोल नंदीमंडप पाहावा. त्यानंतर मेट्रोने कल्याणीनगरला उतरून आगाखान पॅलेस गाठावा. गांधीजी १९४२ ते १९४४ या काळात तेथे स्थानबद्ध होते आणि महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांच्या समाध्या आवारातच आहेत. तेथे फार बोलावेसे वाटत नाही, त्यामुळे एकटे जाणे योग्यच ठरते.

परतीच्या वाटेवर कॅम्पात श्रूजबेरी बिस्किटे घ्यायची असतील तर दिवस कलेपर्यंत थांबू नये, कारण ती लवकर संपतात. खोका कपड्यांच्या बॅगेत न कोंबता हातात धरावा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत त्याचा भुगा होतो.