मटेरिअल आणि प्रक्रिया एकत्रच ठरवा

एखाद्या भागाचं ड्रॉइंग पूर्ण करून मग मटेरिअल शोधायला निघालं, की बहुतेक वेळा ड्रॉइंग पुन्हा करावं लागतं. जाडी, कोपरे, भोकांची जागा हे सगळं मटेरिअल आणि प्रक्रियेच्या जोडीवर अवलंबून असतं. ती जोडी आधी पक्की करा.

सुरुवातीला कागदावर लिहा: भार किती, तो सतत आहे की अधूनमधून, तापमान कुठून कुठवर, तेल, साबण किंवा ऊन लागणार का, आणि एकूण नग किती. सतत भाराचा मुद्दा हमखास सुटतो. कायमच्या ताणाखाली प्लॅस्टिक महिनोन्महिने हळूहळू वाकत जातं. पहिल्या दिवशीच्या चाचणीत ते दिसत नाही.

नगांचा हिशोब सोपा आहे. मशिनिंग (ठोकळा कापून भाग घडवणं) आणि मोल्डिंग (वितळलेलं प्लॅस्टिक मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, भरणं) यांच्या दर नगामागच्या खर्चातला फरक काढा आणि त्याने मोल्डच्या खर्चाला भागा. मोल्ड मशिनिंगच्या 500 नगांच्या किमतीत पडत असेल आणि मोल्डिंगचा नग मशिनिंगच्या एक दशांश किमतीत, तर साधारण 556 नगांनंतर मोल्ड परवडतो. डिझाइन अजून बदलणार असेल, तर त्या दुरुस्त्यांचा खर्चही मोल्डच्या खर्चात धरा.

इंजेक्शन मोल्डिंग ठरलं तर आधी भिंतीची जाडी बघा. एबीएस या प्लॅस्टिकला बहुधा 2 ते 3 मिमी पुरते. मजबुतीसाठी ती 4 मिमी करू नका: थंड व्हायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ चौपट. शिवाय जाड जागी पृष्ठभाग आत ओढला जाऊन खड्डा पडतो. ताकद हवी तिथे रिब (पातळ उभी आधारपट्टी) द्या, बुडाशी भिंतीच्या 50 ते 60 टक्के जाडीची. स्क्रूचा बॉस (स्क्रू ज्यात बसतो तो उभा खांब) भिंतीला चिकटवला तर तिथेही प्लॅस्टिक साचतं. तो सुटा उभा करून रिबने जोडा. उभ्या भिंतींना किमान 1 अंश ड्राफ्ट (भाग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार), टेक्स्चर असेल तर त्याहून जास्त.

एबीएस 0.4 ते 0.7 टक्के आकसतं, पॉलिप्रॉपिलीन 1 ते 2.5 टक्के. त्यामुळे एबीएसच्या मोल्डमध्ये ऐनवेळी पॉलिप्रॉपिलीन भरलं, तर 100 मिमीचं आत बसणारं झाकण मिलिमीटरभर लहान येऊन सैल बसू शकतं. नायलॉन घासणाऱ्या भागांना उत्तम, पण हवेतली ओल शोषून फुगतं. माप काटेकोर हवं तिथे ॲसिटल हे प्लॅस्टिक बरं. पॉलिकार्बोनेट धक्के सोसतं, मात्र दाणे 120 अंश सेल्सिअसला तीन-चार तास सुकवले नाहीत तर रुपेरी रेघा उमटतात आणि भाग ठिसूळ होतो. असा लॉट पुढे जाऊ देऊ नका.

नग कमी असतील तर पत्र्याचा विचार करा. बेंडची आतली त्रिज्या जाडीएवढी धरा; भोक बेंडपासून जाडीच्या अडीच पट अधिक त्रिज्या इतकं लांब ठेवा, नाहीतर ते लांबट होतं. ॲल्युमिनिअम वाकवायचं असेल तर 5052 हा मिश्रधातू घ्या. 6061-टी6 एवढ्या लहान त्रिज्येला तडकतं.

थ्रीडी प्रिंटवरून फिटिंग कळतं, ताकद नाही: थरांच्या जोडावर तो लवकर तुटतो. ताकद तपासायला त्याच मटेरिअलच्या ठोकळ्यातून मशिनिंग केलेला नमुना घ्या. आणि क्लिपसारखी शंकेची मापं मोल्डमध्ये आधी सैल ठेवा. मोल्डचं स्टील थोडं कापलं की क्लिप जाड होते. कापलेलं स्टील परत भरायचं तर वेल्डिंग करावं लागतं.